गाणं म्हणतंय कोण?

प्रश्न : ‘रजनीगंधा’ परवा पुन्हा पाहिला. टॅक्सीत दीपा आणि नवीन शेजारी बसलेत, चलबिचल दीपाच्या मनात आणि मागे गाणं चालू आहे मुकेशच्या आवाजात. दोघांपैकी कोणीच ओठ हलवत नाही. मग हे गाणं म्हणतंय कोण? नवीन, दीपा, की दिग्दर्शक? आणि अशी कोणाच्याच तोंडी नसलेली गाणी तुमच्या आवडीची कोणती?
*— एक वाचक, कऱ्हाड*

उत्तर आधी देऊन टाकतो: गाणं दीपाचं आहे. आवाज पुरुषाचा असला तरी.

‘रजनीगंधा’ (1974) हा बासू चॅटर्जींचा चित्रपट मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरून घेतलेला. मूळ कथा दीपाच्या डायरीच्या रूपात आहे. कानपूर आणि कलकत्ता अशी दोन शहरं, दोन पुरुष, आणि दोन्हीकडे स्वतःचं मन तपासत बसलेली एक मुलगी. चित्रपटात त्या शहरांची दिल्ली आणि मुंबई झाली. पण खरी अडचण शहरांची नव्हती, डायरीची होती. कागदावर दीपा ‘मला असं वाटलं’ म्हणू शकते. पडद्यावर विद्या सिन्हा टॅक्सीत बसून खिडकीबाहेर बघते, शेजारच्या माणसाकडे बघते, परत बाहेर बघते. एवढंच दिसतं. डायरीतलं पान कुठेतरी जायला हवं होतं, ते योगेश यांच्या शब्दांत आणि सलील चौधरींच्या चालीत गेलं.

मग लताबाईंचा आवाज का घेतला नाही? त्या या चित्रपटात आहेतच. रजनीगंधाच्या फुलांचं गाणं त्यांनीच गायलंय. म्हणजे टॅक्सीतलं ‘कई बार यूँही’ मुकेशकडे गेलं ते नाइलाजाने नव्हे. बासूदांच्या मनात काय होतं त्याची साक्ष माझ्याकडे नाही, पण पडद्यावर जे घडतं ते असं: बाईचा आवाज वाजला असता तर आपण तो दीपाची कबुली म्हणून ऐकला असता. आणि दीपाने अजून स्वतःजवळही काही कबूल केलेलं नाही. दिल्लीत संजय आहे, बडबड्या, वेंधळा, पण आपला. इथे मुंबईत जुना प्रियकर, म्हणजे नवीन, तिच्या नोकरीसाठी धावपळ करतोय आणि मोजकं बोलतोय. तिच्या मनात जे चाललंय त्याला ती अजून ‘माझं’ म्हणायला तयार नाही. म्हणून ते परक्या आवाजात ऐकू येतं. मुकेशला या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो त्याच्या गळ्याला मिळाला हे खरंच, पण थोडा त्या योजनेलाही मिळाला असं मी धरून चालतो.

ही सोय आपल्याकडे आली ती पार्श्वगायनामुळे. बोलपटांच्या सुरुवातीला नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून गायचा आणि वादक झाडामागे, पडद्यामागे, जिथे जागा मिळेल तिथे लपून वाजवायचे. 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गाणं आधी ध्वनिमुद्रित करून पडद्यावर नटाने ओठ हलवण्याची पद्धत रूढ केली. तेव्हा सगळ्यांना त्यातला एकच फायदा दिसला: न गाणाऱ्या नटालाही गाता येऊ लागलं. दुसरा फायदा ध्यानात यायला वेळ लागला. आवाज चेहऱ्यापासून एकदा सुटा झाला की त्याला चेहरा हवाच असं राहत नाही.

या दुसऱ्या फायद्याचा माझ्या मते सर्वांत मोठा वापर ‘बंदिनी’च्या (1963) शेवटात आहे. घाटावर एका बाजूला स्टीमर उभी आहे, दुसऱ्या बाजूला आगगाडी. कल्याणी (नूतन) तुरुंगातून सुटली आहे. तरुण डॉक्टर देवेनने तिचा सगळा भूतकाळ ठाऊक असून तिला मागणी घातली आहे, गाडी पकडली की त्याचं घर. आणि घाटावर तिला भेटतो विकास, क्षयाने खंगलेला. ज्याच्यामुळे तिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं तो हाच. तो स्टीमरने निघालाय. नूतनला इथे भाषण ठोकता आलं असतं. बिमल रॉयनी तिला बोलूच दिलं नाही. सचिनदेव बर्मन आपल्या त्या फाटक्या, नदीकाठच्या आवाजात गाऊ लागतात आणि पुढचा निर्णय त्या गाण्याच्या आधाराने होतो. गाडीत चढलेली कल्याणी उतरते आणि स्टीमरकडे धावत सुटते.

मुख्य पात्रांपैकी कोणीही ते गाणं गात नाही, तरी ते उपरं वाटत नाही. का? मला वाटतं, बंगालच्या जात्रा नाटकाची सवय त्यामागे आहे. जात्रेत ‘विवेक’ नावाचं एक पात्र असतं. कथानकाशी त्याचा काही संबंध नसतो. नायक पेचात सापडला की तो रंगभूमीवर येतो, नायकाच्या मनातलं किंवा त्याला टोचणारं गाऊन दाखवतो आणि निघून जातो. बर्मनदा हिंदी चित्रपटात जिथे जिथे स्वतः गायले ते आठवून बघा. ‘सुजाता’मध्ये (1959) नावाड्याचं गाणं. ‘गाइड’मध्ये (1965) तुरुंगातून सुटलेला राजू घरी न जाता भलतीकडे चालू लागतो तेव्हा श्रेयनामावलीवर वाजणारं. ‘आराधना’मध्येही (1969) ते मागूनच गातात. नायकाच्या ओठांवर हा आवाज त्यांनी बसवला नाही. स्वतःसाठी त्यांनी विवेकाची जागा राखून ठेवली होती.

आणि हे केवळ लहर म्हणून नव्हतं, कारण कोणी कुठे गावं यावर ही मंडळी हमरीतुमरीवर येत असत. याच ‘बंदिनी’तल्या ‘मोरा गोरा अंग’बद्दल, म्हणजे गुलजारांच्या पहिल्या चित्रपटगीताबद्दल, त्यांनी स्वतःच सांगितलेली आठवण आहे. बिमलदांचं म्हणणं, कल्याणी पोस्टमास्तरांची सुशील मुलगी, ती रात्री घराबाहेर जाऊन गाणार नाही. बर्मनदांचं म्हणणं, मग काय घरात बापासमोर बसून असलं गाणं गाईल? वाद चालीवरून नव्हता, उंबऱ्यावरून होता. शेवटी कल्याणी अंगणात आली. आजच्या किती संगीतकारांना नायिकेचा बाप कुठल्या खोलीत बसलाय हे विचारावंसं वाटेल?

जाता जाता: याच चित्रपटात कल्याणी खून करते तो प्रसंग गाण्याशिवाय, संगीताशिवायही आहे. बाहेर लोखंडावर घण पडताहेत आणि नूतनच्या चेहऱ्यावर उजेड-अंधार होतोय, बस. कुठे गायचं हे ज्याला कळतं त्यालाच कुठे गायचं नाही हेही कळतं.

आता घरच्या उदाहरणाकडे येतो. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ (1970) आणि त्यावरून बासू चॅटर्जींनीच केलेला ‘पिया का घर’ (1972). गोष्ट तीच: मुंबईतलं खुराडं, त्यात भरगच्च कुटुंब आणि नव्या जोडप्याला बोलायला कोपरा नाही. मराठीत गदिमा, सुधीर फडके आणि आशाबाई यांनी मिळून ‘का रे दुरावा’ दिलं. ते सरळसरळ नायिकेचं आहे. ती नवऱ्याला उद्देशून म्हणते, रुसवा काढते, जवळ बोलावते. घर भरलेलं असल्यामुळेच त्या गाण्यात कुजबुजीचा सूर आहे, आणि आशाबाईंनी तो असा लावलाय की शेजारच्या अंथरुणावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये याची काळजी आपल्यालाच वाटते. हिंदीत तीच अडचण किशोरकुमारच्या ‘ये जीवन है’मध्ये आली, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या चालीत. इथे जया भादुरी आणि अनिल धवन गप्प आहेत आणि कोणीतरी तिसराच त्यांची समजूत घालतोय, असंच असतं रे बाबांनो, म्हणून. मराठी गाणं खोलीच्या आत आहे, हिंदी गाणं गॅलरीत उभं आहे. चित्रपट म्हणून दोन्ही गोड, पण गाण्याच्या जागेपुरतं विचाराल तर माझं मत ‘मुंबईचा जावई’ला. समजूत घालणाऱ्या तिसऱ्यापेक्षा रुसवा काढणारी बायको अधिक खरी वाटते.

बासूदा मात्र मागून गाणी वाजवण्यात पुढे असे तरबेज झाले की ‘मंझिल’मध्ये (1979) त्यांनी एकाच गाण्याचे दोन्ही प्रयोग करून दाखवले. ‘रिमझिम गिरे सावन’ किशोरच्या आवाजात आहे ते घरगुती मैफलीतलं. अमिताभ पेटी घेऊन बसलाय, लोक ऐकताहेत, मौसमीही ऐकतेय. लताबाईंच्या आवाजात तेच गाणं येतं तेव्हा दोघं मुंबईच्या खऱ्याखुऱ्या पावसात चाललेत. मरीन ड्राइव्हवर लाटा भिंतीवरून उसळताहेत, ओव्हल मैदानात चिखल, के. के. महाजनांचा कॅमेरा दुरून मागोमाग, आणि ओठ कोणाचेच हलत नाहीत. पहिलं गाणं त्याचं होतं आणि चार लोकांसमोर होतं. ते तिने ऐकलं, ठेवून घेतलं, आणि पाऊस लागला तेव्हा तिच्या मनात ते तिच्या आवाजात वाजलं. लोक दुसऱ्या गाण्याच्या प्रेमात असतात, मीही आहे, पण पहिलं आधी ऐकल्याशिवाय दुसऱ्याची निम्मीच मजा कळते.

मागून वाजणाऱ्या गाण्यांचा पुढे जो सुकाळ झाला त्याबद्दल फारसं लिहीत नाही. जोडी बाइकवर, जोडी समुद्रावर, जोडी पाणीपुरी खातेय, आणि मागे एक गाणं जे याच्याऐवजी कुठल्याही जोडीला चाललं असतं. असं गाणं कोणाचंच नसतं. ते म्युझिक कंपनीचं असतं.

त्यामानाने ‘द लंचबॉक्स’ने (2013) केलेली युक्ती बघा. रितेश बत्रांनी नवं गाणं केलंच नाही, जुनं उचललं, तेही ‘साजन’मधलं (1991), नदीम-श्रवण यांचं. नायिका इला हिला कळतं की डब्यातून चिठ्ठ्या पाठवणाऱ्या त्या माणसाचं नाव साजन फर्नांडिस. ती वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंना ‘साजन’ची कॅसेट लावायला सांगते. या काकू चित्रपटभर दिसत नाहीत, भारती आचरेकरांचा नुसता आवाज आणि खाली सोडलेली टोपली. गाणं वरून झिरपतं, आणि तिकडे लोकलमध्ये साजनसमोर, म्हणजे इरफानसमोर, पोरं तेच गाणं गात पैसे मागत असतात. न भेटलेल्या दोन माणसांना एका गाण्याने एका वेळी गाठलं. पुन्हा ‘साजन’ची गोष्ट तरी काय? न पाहिलेल्या माणसाच्या शब्दांवर जीव जडण्याचीच. इतकं सगळं साधलं आणि त्या दोघांपैकी कोणी एकदाही गायलं नाही. हे गाणं नक्की कोणाचं असं मला विचाराल तर मी म्हणेन, देशपांडे काकूंचं.

आणि शेवटी ‘फँड्री’ (2013). डुक्कर पकडायला शाळकरी नायक जब्याचं अख्खं कुटुंब पळतंय, शाळेच्या आसपास, शाळेतली पोरं बघताहेत आणि जब्याला जमिनीने गिळावं असं झालंय. डुक्कर हाताशी येतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर काही उभं राहत नाही, ते चालू लागतं. थिएटरात हशा पिकला आणि मधेच कोमेजला, हे ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल. नागराज मंजुळेंनी इथे न स्वतःचं गाणं वापरलं, न एक ओळ संवाद. गाणं सगळ्यांचं आहे असं आपण म्हणतो, तिथे उभ्या असलेल्या त्या कुटुंबाचं ते किती आहे एवढं फक्त त्यांनी विचारलं. कोणाच्याच तोंडी नसलेल्या गाण्याचा मराठी चित्रपटात याहून नेमका वापर मला माहीत नाही.

प्रश्न : नायिका जंगलात गाते आणि पन्नास व्हायोलिनं वाजतात. ती कुठून आली, असं आपल्याकडच्या एकाही दिग्दर्शकाला कधी वाटलं नाही का?
*— एक वाचक, वांद्रे*

वाटलं होतं, आणि पुण्यातच वाटलं होतं. 1937 साली, प्रभातमध्ये.

व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’ (हिंदीत ‘दुनिया न माने’) ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. तरुण नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावलेलं आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. विषय इतका रोखठोक की त्यावर पार्श्वसंगीताची साय नको असं शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी ठरवलं. ज्याचा उगम प्रसंगात आहे तेवढाच आवाज कानी पडेल, असा तो प्रयोग. म्हाताऱ्याच्या घरातलं घड्याळ म्हणूनच एवढं अंगावर येतं. त्याला झाकायला दुसरं काही वाजतच नाही. बोलपट सुरू होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, प्रेक्षक अजून ‘किती गाणी आहेत?’ विचारून तिकीट काढत होता, आणि हे लोक व्हायोलिनं बाहेर ठेवत होते.

याच चित्रपटात शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. मराठी चित्रपटात, 1937 मध्ये, नऊवारीतली मुलगी इंग्रजी कविता गाते, आणि ती गंमत म्हणून नव्हे. आयुष्याच्या रणांगणावर मुक्या जनावरासारखं हाकलं जाऊ नकोस, अशा अर्थाची ती कविता. नीरा शिकलेली आहे हे सांगायला दुसरा दिग्दर्शक एखादं पुस्तक तिच्या हाती देता. शांतारामांनी तिला ते पुस्तक गायला लावलं. ते गाणं ऐकून ती सासरी का दबत नाही याचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

दोन वर्षांनी ‘माणूस’मध्ये (1939) त्यांनी आणखी एक सोय लावली. कोठ्यावरची मैना, म्हणजे शांता हुबळीकर, एकच गाणं कडव्याकडव्याला भाषा बदलत गाते. मास्टर कृष्णरावांची चाल. वरवर पाहिलं तर करामत, पण प्रसंगात बसवून बघा: समोर बसलेलं गिऱ्हाईक नाना प्रांतांचं आहे, आणि प्रत्येकाला त्याच्या बोलीत रिझवणं हा तिचा धंदा आहे. गाणं रंगत जातं तसतसं तिचं आयुष्य कळत जातं. माझ्या वडिलांच्या पिढीला हे गाणं पाठ होतं आणि तिचा धंदा काय होता ते बहुतेकांच्या विस्मरणात गेलेलं. लोकप्रिय गाण्याचं हे नेहमीच होतं, प्रसंग गळून पडतो.

आणि त्याच्याही आधीच्या ‘संत तुकाराम’मध्ये (1936) शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं ‘आधी बीज एकले’ तर इतकं चपखल बसलं की पुष्कळांनी ते तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारलं. प्रसंगाला गाणं शोभणं याच्यापुढे जात नाही.

वांद्र्याच्या वाचकांना सुचवतो, ‘कुंकू’ पाहायला मिळाला तर जरूर पाहा. प्रत खरखरीत असेल. त्या खरखरीसकट पाहा.

प्रश्न : ‘सैराट’ची गाणी एवढी गाजली, मग दुसऱ्या अर्ध्या भागात एकही गाणं का नाही?
*— एक वाचक, अकलूज*

कारण पहिल्या भागात चार आहेत.

अजय-अतुल यांनी त्या चार गाण्यांसाठी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याकडच्या विहिरी, उसाचे फड आणि पुढ्यात सिंफनी. तो थाट काहींना अस्थानी वाटला. मला वाटला नाही, कारण नायक परश्या आणि नायिका आर्ची यांनी प्रेम म्हणजे काय हे चित्रपटांतूनच शिकलेलं आहे. त्यांच्या डोक्यात असंच वाजणार. मग दोघं पळून हैदराबादला जातात, झोपडपट्टीतली खोली, चुलीचा धूर, भांडणं, आणि डोक्यातलं वाजणं बंद होतं. संसार सुरू झाला की गाणी थांबतात, एवढी साधी ती योजना आहे.

आणि शेवटच्या काही क्षणांत मंजुळे गाणं तर नाहीच, कुठलाच आवाज ठेवत नाहीत. लहान मूल रक्तात भरलेली पावलं उमटवत बाहेर येतं आणि ध्वनिपट्टी पूर्ण कोरी. ‘झिंगाट’वर खुर्च्यांवर उभा राहून नाचलेला तोच प्रेक्षक तिथे जे ऐकतो ते शेजारच्याचा श्वास असतो. पहिल्या भागात इतका गलका केला नसता तर ती शांतता एवढी लागली नसती. म्हणून ‘गाणी कापली तर चित्रपट आणखी गंभीर झाला असता’ असं जे मित्र मला ऐकवतात, त्यांचं म्हणणं मला बिलकूल मान्य नाही.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव आणि प्रसंगही लिहा. नुसता मुखडा लिहून ‘हे कसं वाटतं?’ विचारणारी पत्रं बरीच येतात. नुसतं गाणं कसं वाटतं ते तुम्हाला माझ्याइतकंच कळतं.